मधल्या पाण्यावरची बैठक

बैठक घ्यायची कुठं, यावरच आठवडा गेला.

सर्जेरावांचं म्हणणं, थोरला मी आहे, तेव्हा बापूनं माझ्या दारात यावं. बापूसाहेबांचं म्हणणं, होड्या आधी आमच्या अडवल्या, तेव्हा दादानं पलीकडं यावं. कळसच्या व्याह्यांनी मध्ये पडून भिगवणचं एक हॉटेल सुचवलं, तर दोघा भावांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर धाडलं, "हाटेलात बसून भावकी मिटवायला आमी काय पुढारी हाय?" आता याला काय म्हणावं! दोन वर्षं एकमेकांशी बोलणं बंद, पण हेका तोच, अगदी शब्दाला शब्द.

शेवटी दिल्लीहून श्रेयानं फोनवर सांगितलं, "आबा, मग पाण्यावरच बसा. मधोमध. कुणाचाच काठ नको."

"पाण्यावर? पोरी, मी काय बदक हाय?"

"देशसुद्धा असंच करतात आबा. कुणी कुणाच्या दारात जायला तयार नसलं, की जहाजावर भेटतात."

देशसुद्धा म्हटल्यावर सर्जेराव विरघळले. श्रेया म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाची, पुण्यात वकिली करणाऱ्या केशवची मुलगी. परराष्ट्र खात्यात कायद्याचं काम करायची. तामिळनाडू आणि श्रीलंकेच्या मधल्या अरुंद समुद्रात कुणी कुठवर मासे धरायचे, धरलेल्या होड्या आणि कोंडलेली माणसं कधी सोडायची, या बोलण्यांना ती जात असे. "मी मागच्या रांगेत बसते आबा, नुसते कागद पुढं सरकवते," असं ती बिचारी परोपरीनं सांगायची. पण सर्जेरावांनी कारखान्याच्या सभेपासून बावड्याच्या बाजारापर्यंत एकच गाजवलं होतं, "आमची नात दोन देशांच्या मधी बसती." त्या समुद्राचं त्यांना फार अप्रूप होतं. "पाण्यावर रेघ वढत्यात? आन् ती पुसत न्हाय?" असं ते तिला दर दिवाळीला विचारायचे, आणि तिनं सांगितलं की तोंडावर हात ठेवून ऐकायचे.

त्यांच्या स्वतःच्या पाण्यावर मात्र रेघ नव्हती, आणि सगळं रामायण तिथंच होतं.

उजनीचं धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं. बापाचं घर, गोठा, रान, सगळं. सर्जेरावांना अलीकडं इंदापूर तालुक्यात जमीन मिळाली, धाकट्या बापूसाहेबांना पलीकडं करमाळ्याच्या अंगाला. पुढं दोन्ही काठांवर मच्छीमारांच्या सोसायट्या झाल्या. अलीकडची सोसायटी सर्जेरावांचा नातू इंद्रजित चालवायचा, पलीकडची बापूंचा नातू विशाल. पाणी दोघांना अर्धं अर्धं मिळालं, पण अर्धं म्हणजे कुठवर, हे लाटांवर कोण लिहिणार? आणि बरोबर मधोमध होती चिंचेची जागा. जुन्या घरामागं मोठी चिंच होती. तिचा बुंधा, पडक्या भिंती, विहिरीचा कठडा, असल्या आडोशाला मासा राहतो. साऱ्या पाण्यात नसेल एवढा तिथं असायचा. म्हणजे पोरं भांडत होती ती थेट आपल्याच घराच्या आढ्यावर.

गेल्या महिन्यात इंद्रजितनं तिथं पलीकडच्या दोन होड्या धरून आपल्या काठाला आणून बांधल्या. दुसऱ्या दिवशी विशालनं इंद्रजितची एक इंजिनाची होडी जाळ्यासकट नेली. कोयते निघता निघता राहिले. पुढच्या वेळी राहायचे नाहीत, हे दोन्ही घरांना कळून चुकलं होतं. एकदाची रेघ पडायला हवी होती, आणि सर्जेरावांना ती चिंचेच्या पलीकडून पडायला हवी होती.

गंमत अशी, की सर्जेराव माळकरी. माशाचा वास आला तरी उपरणं नाकाला.

"खायचा न्हाय, शिवायचा न्हाय, आन् त्याच्यापायी पाठचा भाऊ टाकायचा," शकुबाई बैठकीच्या सकाळी काठावर उभ्या राहून नवऱ्याला सुनावत होत्या. "ह्यो कुठला परमार्थ म्हनायचा?"

"मासा न्हाय गं. जागा. जागा आपली हाय."

"जागा आपली हाय, मग पावसाळ्यात तितं जाऊन झोपत का न्हाय?"

इंद्रजितच्या आईनं, माधवीनं, तोंडाला पदर लावला. इंद्रजितनं आजोबांच्या अंगात नारिंगी जाकीट चढवलं आणि पोटावर पट्टे आवळले. शकुबाईंनी मागंपुढं नीट न्याहाळलं. "नवरदेव दिसताय," त्या म्हणाल्या. "मुंडावळ्या तेवढ्या ऱ्हायल्या."

सर्जेरावांचं ध्यान पाण्याकडं होतं. गाव बुडाल्यापासून हा माणूस त्या पाण्यावर कधी बसला नव्हता. बापूकडं जायचं तर सडकेनं, सगळ्या पाण्याला वळसा घालून. घर गिळलेल्या पाण्यावर मी बसायचा नाही, असा त्यांचा बाणा. आज बैठकीसाठी दिल्लीहून आलेल्या श्रेयाचा हात धरून त्यांनी होडीत पाय टाकला, होडी हलली, आणि त्यांनी मोठ्यानं विठ्ठलाचं नाव घेतलं.

काठावरून पाहिलेलं पाणी वेगळं. इंजिन धडधडत निघालं तसा काठ मागं गेला, उसाचे फड आणि पंपांच्या टपऱ्या बुटक्या झाल्या, शकुबाईंचं हिरवं लुगडं ठिपक्याएवढं उरलं. मग चहूकडं पाणीच. मे महिना होता, धरण पुष्कळ खाली गेलं होतं, तरीही एवढं! पुढं एका उथळ जागी काहीतरी तांबूस पांढरं पसरलेलं होतं. होडी जवळ गेली आणि ते सगळं एकदम उठलं. रोहित पक्ष्यांचा थवा. डोक्यावरून जाताना त्यांच्या पंखांखालचा लाल रंग उघडला, आणि सबंध आभाळ क्षणभर पेटल्यागत झालं. सर्जेरावांचे हात आपोआप जोडले गेले.

"आबा, काय झालं?" श्रेयानं विचारलं.

"काय न्हाय. एवढं आसंल असं वाटलं नव्हतं."

इंद्रजितनं इंजिनाचा वेग कमी केला. "आबा, आता आपण पांदीवर हाय."

"कंच्या पांदीवर?"

"जुन्या गावाच्या. हितनं सरळ गेलं की देवळाचा चौथरा. त्याच्या डाव्या हाताला जाळं कायम अडकतं."

"डाव्या हाताला दीपमाळ हुती," सर्जेराव म्हणाले. याच पांदीनं ते बैलं पाण्यावर न्यायचे. आता ते तिच्यावरूनच निघाले होते, दोन पुरुष उंचावरून, देवळाच्या डोक्यावरून. माणसाला असं कधी जाता येतं का? त्यांनी होडीच्या कडेवरून खाली पाहिलं. हिरवंगार पाणी, दिसत काहीच नव्हतं. पण खाली सगळं होतं. त्यांना उगाचच आवाज हळू करावासा वाटला.

बापूसाहेब आधीच येऊन थांबले होते. त्यांच्याही अंगात नारिंगी जाकीट. दोन म्हातारे दोन होड्यांत, दोघांच्याही पोटावर पट्टे. नजरानजर झाली आणि दोघांनाही हसू फुटायला आलं, पण दोघांनी ते गिळलं. होड्या एकमेकींना बांधल्या. मागं दोन्ही काठांच्या आणखी दहाबारा होड्या अंतर ठेवून उभ्या होत्या. चहा दोन्हीकडून आला होता आणि कुणी कुणाचा घेईना. तेव्हा श्रेयानं दोन्ही थर्मासांतला अर्धा अर्धा कप घेतला, सगळ्यांच्या देखत पिऊन टाकला आणि म्हणाली, "झालं? आता बोलूया."

"बोल बाळ," बापूसाहेब म्हणाले. "तू आमची बी नात हायेस. पर खरं बोल."

श्रेयानं फोनवर नकाशा उघडला. "समुद्रात बहुतेक वेळा अशी सुरुवात करतात. दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर रेघ. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही."

"ब्येस," सर्जेराव म्हणाले.

"ब्येस," बापूही म्हणाले.

बापूंच्या मागं बसलेल्या विशालनं डोकं वर काढलं. "ताई, पर काठ कंचा? आजचा, का भरल्या धरणाचा?"

तिथंच सगळं अडलं. अलीकडचा काठ सपाट. उन्हाळ्यात पाणी तिथून लांब आत सरकतं. आजचा काठ धरला, की रेघ पलीकडं जाते आणि चिंच इंद्रजितकडं येते. भरल्या धरणाचा धरला, की रेघ अलीकडं येते आणि चिंच विशालची. त्याच पाण्यात, त्याच रेघेनं!

"समुद्रात काय करत्यात?" सर्जेरावांनी डोळे बारीक करून विचारलं.

श्रेया जरा घुटमळली. "ओहोटीचा काठ धरतात."

"म्हंजे आजचा!" इंद्रजितनं मांडीवर थाप मारली.

"ताई, तू तुझ्या घरचंच बोलणार," विशाल उसळला. "बापू, मी म्हणलो नव्हतो?"

"थांब," श्रेयाचा आवाज चढला. "समुद्राचं पाणी सकाळी ओहोटीला जातं आणि दुपारी परत येतं. इथं पाणी गेलं तर महिनोन् महिने येत नाही. तो नियम मी इथं लावणार नाही. आणि ऐका. तिथं, श्रीलंकेच्या समुद्रात, रेघ आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. तरी दर वर्षी होड्या धरल्या जातात, माणसं तुरुंगात जातात. त्यांच्या बायका मला विचारतात, आमचे आजे रेघेपलीकडच्या बेटावर जाळी वाळवायचे, मग आमच्या माणसाचा गुन्हा काय? मला उत्तर देता येत नाही. आणि पलीकडचे म्हणतात, तुमच्या मोठ्या होड्या तळ खरवडून नेतात, आमच्या लहान होड्यांना काही उरत नाही. तेही खरं आहे. खरं आहे आणि मी आपल्या बाजूला बसते." तिनं इंद्रजितकडं वळून विचारलं, "तुझ्या जाळ्याची भोकं केवढी आहेत रे?"

इंद्रजितनं पायाशी पडलेला दोर गुंडाळायला घेतला.

"करंगळीएवढं पिल्लू बी सुटत न्हाय त्यातनं," विशाल म्हणाला. "म्हणून त्या दिशी मी जाळ्यासकट नेली होडी."

सर्जेरावांना दोन गोष्टी एकदम वाटल्या. आपली नात आपल्याच घराला भर पाण्यात उघडं पाडते, याचा राग आला. आणि दोन देशांच्या मधी बसणं म्हणजे काय, ते पहिल्यांदा उमगलं. बाजू आपली, आणि खरं बोलायचं दोघांचं. एवढीशी पोर हे दिल्लीत रोज कसं पेलत असेल? त्यांना तिचा धाक वाटला, खरोखरीचा धाक, देवळात जाताना वाटतो तसला.

पण म्हातारा बेरकी होता. त्यानं आज घरून येतानाच एक डाव आणला होता.

"बास झालं काठाचं," ते म्हणाले. "आपल्यात शीव कशी ठरायची? बापू, आठवतंय का?"

"डोक्यावर माती घिऊन."

"व्हय. आज्ज्यानं घेतली हुती. तवा कोर्ट न्हाई लागलं, कचेरी न्हाई लागली."

श्रेयाला ठाऊक नव्हतं, तेव्हा बापूंनी सांगितलं. दोन गावांत शिवेचा वाद पेटला, की जाणत्या माणसानं त्या रानातली माती डोक्यावर घ्यायची, आणि शीव जिथून जाते तिथून चालायचं. तो चालेल ती शीव. कुणी तोंड उघडायचं नाही. कारण माती डोक्यावर असताना जो खोटं बोलेल त्याचं घर बसतं, हे लहान पोरालाही माहीत. "आज्जा चालला तवा समदं गाव मागं हुतं," बापू म्हणाले, "पर पावलांबिगर दुसरा आवाज न्हाई. मी दादाचं बोट धरलं हुतं."

सर्जेरावांनी जाकिटाच्या आतून फडक्याची पुरचुंडी काढली आणि सोडली. "ही घ्या. घेतो डोक्यावर आन् सांगतो."

बापूंनी वाकून बघितलं. चिमूटभर उचलली, बोटांत चोळली. "दादा, ही तुझ्या उसातली हाय."

"माती ती माती."

"आसं कसं? वादाच्या रानातली लागती. तुझ्या उसातली तू घेणार, मग मी माझ्या केळीतली घिऊ का?"

दोन्हीकडच्या होड्यांत खसखस पिकली. सर्जेरावांचे कान तापले. आपल्या रानातली माती आपल्या बाजूनं बोलेल, तिच्याखाली थोडं इकडंतिकडं झालं तरी बाधायचं नाही, असा त्यांचा साधा हिशोब होता, आणि धाकट्यानं तो पुरचुंडी सोडल्याबरोबर ओळखला. लहानपणी विटीदांडूतही हा असाच लबाडी धरायचा.

"मग वादातली माती आणायची कुठनं?" ते चिडून म्हणाले. "ती हाय पाण्याखाली!"

"हाय की," बापू शांतपणे म्हणाले. "लई खोल न्हाय आता."

इंद्रजित आणि विशालनं एकमेकांकडं पाहिलं. एकट्याला पाठवायला कुणीच तयार नव्हतं, न जाणो त्यानं लबाडी केली आणि माती दुसरीकडचीच आणली. दोघांनी सदरे काढले. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच "जपून रं" म्हटलं. दोघं दोन बाजूंनी पाण्यात गेले आणि पाणी वर मिटलं.

बुडबुडे आले, थांबले. मागच्या होड्यांतल्या माणसांनी वल्ही वर धरली होती. मग विशाल भसकन वर आला, धापा टाकत, हात मोकळे. "तळ लागला, पर दम ऱ्हायला न्हाय," तो म्हणाला. इकडंतिकडं पाहिलं. "इंद्या कुठाय?"

इंद्रजित वर आला नव्हता.

सर्जेराव उठून उभे राहिले, होडी कलली, श्रेयानं त्यांना गच्च धरलं. "इंद्रजित!" ते पाण्याकडं बघून ओरडले. पाणी हिरवं होतं आणि गप्प होतं. जन्मात त्यांना इतकी भीती वाटली नव्हती. ह्यानं घर नेलं, रान नेलं, आता ह्याला पोरगं पाहिजे! विशालनं कुणाला विचारलं नाही, कुणाकडं बघितलं नाही, छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेला.

दोघं वर आले ते एकत्र. विशालनं इंद्रजितची बगल धरली होती. इंद्रजित खोकत होता, ओकत होता, त्याच्या पायाला जुन्या जाळ्याचं भेंडोळं लटकलं होतं. ते चिंचेच्या बुंध्याला अडकलेलं, त्यात त्याचा पाय गेला होता. चौघांनी मिळून त्याला वर घेतलं. कुणाची होडी कुठली, ते कुणी पाहिलं नाही. तो बापूंच्याच होडीत आडवा झाला, डोकं बापूंच्या मांडीवर. उजव्या हाताची मूठ मात्र त्यानं सोडली नव्हती.

"आबा," तो म्हणाला, "घ्या."

मूठ उघडली. काळी, चकचकीत, लोण्यासारखी माती. तिला कुजलेल्या पाल्याचा वास होता, आणि त्याच्याही खाली कुठंतरी, आत, जुना ओळखीचा वास. सर्जेरावांनी दोन्ही हातांची ओंजळ करून ती घेतली. थंडगार होती. हिला शेवटचा हात लावला तेव्हा बाप जिवंत होता, हातात नांगराचं रुमणं होतं. श्रेयानं त्यांची टोपी काढली. त्यांनी माती डोक्यावर ठेवली, पाणी कपाळावरून ओघळून भुवयांत आलं.

दोन्ही काठांच्या होड्यांतली माणसं उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, आपसूक राहिली.

"बोल दादा," बापूसाहेब म्हणाले. "आपल्या दोघांच्या रानात बांध कुठनं जात हुता?"

सर्जेरावांनी तोंड उघडलं. चिंच माझ्याकडं, बांध तिच्या पलीकडनं. रात्रभर घोकलेलं वाक्य, जिभेवर आलेलं. आणि त्यांना चिंच दिसली. तिच्याखाली दोघा भावांच्या वाकळा शेजारी शेजारी. पलीकडं गव्हाचं रान, त्यात बाप उभा. त्यांनी डोळे मिटून ते सगळं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं. बांध शोधला. सापडेना.

"बांध..." ते म्हणाले.

"कुठनं?"

"बांध नव्हता बापू." ते म्हणाले. "वाटणी झालीच न्हाई आपली. व्हायच्या आतच पाणी आलं. समदं एकातच हुतं. मी खोटा बांध कुठनं दावू?"

सर्जेरावांना वाटलं, संपलं. आपण आपल्या तोंडानं चिंच घालवली. नातू मरता मरता वाचला ती माती आणताना, आणि आपण त्याच मातीनं त्याचं पाणी घालवलं. ते बापूकडं बघायला तयार नव्हते.

बापूसाहेब इंद्रजितचं ओलं डोकं पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "वाटणी न्हाई झाली, मग हे घर एकच हाय. एकच हाय तर कारभारी थोरला. दादा, ह्या पाण्याचं काय करायचं ते तू सांग. माझा काठ ऐकंल."

"बापू!" विशाल म्हणाला.

"गप. मी सांगतोय."

सर्जेरावांनी साऱ्या होड्यांवरून नजर फिरवली. सगळे त्यांच्याकडं बघत होते, अलीकडचे आणि पलीकडचे, आणि आता कोण कुठला ते त्यांना ओळखू येईना. आपल्याला काही मिळालं नाही, आणि सगळंच मिळालं, अशी त्यांची गत झाली होती.

"चिंचेच्या जागंवर रेघ न्हाय," ते हळूहळू म्हणाले. "दोन्ही काठांनी धरा. पर बारीक जाळं कुणी टाकायचं न्हाय, इंद्रजितनं बी न्हाय. पावसाच्या तोंडाला मासा पिल्लावर येतो, तवा समद्यांनी जाळी वर ठिवायची. आन् धरलेल्या होड्या आजच्या आज सोडायच्या. पहिल्यांदा आमी सोडणार."

"आबा, एवढ्यावर माझ्या सोसायटीची पोरं ऐकतील का?" इंद्रजितनं पडल्या पडल्या विचारलं. जाळं त्याचं जाणार होतं, मासाही जाणार होता, ते त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

"न्हाई ऐकली तर त्यास्नी म्हणावं, या, माती डोक्यावर घ्या, आन् बांध दावा."

इंद्रजितनं मान वळवून विशालकडं पाहिलं. विशाल त्याच्या पायाचं जाळं चाकूनं कापत होता. "हलू नगं," विशाल म्हणाला, "कातडं निघंल." एवढंच. पण इंद्रजितनं पाय त्याच्यापुढं सैल सोडला.

परत येताना श्रेया आजोबांना चिकटून बसली होती. डोळे पुसून म्हणाली, "आबा, तिकडं मी कुठली माती देऊ त्यांच्या डोक्यावर?"

"त्या समुद्राच्या बुडाला न्हाय व्हय?"

"असेल. पण वाटणी झालेली आहे ना तिथं. कागदावर सह्या आहेत."

एवढ्या मोठ्या समुद्राचं दुःख सर्जेरावांच्यानं पेलवेना. त्यांनी नुसता तिचा हात हातात घेतला आणि मागं पसरत चाललेल्या पाण्याकडं बघत राहिले. ते केवढं मोठं होतं! आणि त्यांच्या बापाचं होतं, सगळंच्या सगळं.

काठाला लागले तेव्हा ऊन चढलं होतं. डोक्यावरची माती वाळून केसांना धरली होती, कपाळावर तिचे ओघळ सुकले होते. माधवी इंद्रजितचा पाय बघून ओरडत धावली. शकुबाई नवऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"डोस्क्याला काय थापलंय हे?"

"घरची हाय," सर्जेराव म्हणाले. "आपल्या जुन्या घराची. इंद्रजितनं खालनं आणली."

त्या घरात शकुबाई नवरी होऊन आल्या होत्या, केशव तिथंच रांगला होता. त्यांनी हात वर केला, नवऱ्याच्या कपाळावरची ढेकळी नखानं काढली, तळहातावर घेतली, नाकाशी नेली. चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावलेला त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"चुलीपुढची का वो?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं. "का गोठ्यातली?"

सर्जेरावांनी इंद्रजितकडं पाहिलं. तो बिचारा काय सांगणार? चिंचेच्या बुडाचा गाळ तो. पण बायकोच्या चेहऱ्याकडं बघून त्यांना राहवलं नाही.

"चुलीपुढची," त्यांनी ठोकून दिलं.

शकुबाईंनी ती ढेकळी लुगड्याच्या पदराला बांधली, गाठ दोनदा आवळली. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खोटं बोलू नगा. माती अजून डोक्यावर हाय."